सिसिलबाय, आपला लसीचा वाद

सिसिलबाय,

गेल्या शुक्रवारी तुमच्या प्रार्थनेला मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. तुम्हाला वसईच्या मातीत ठेवून इनासभाऊ आणि तुमची लेक रीना दोहाला परतले आणि इथल्या माणसांसाठी त्यांनी ही प्रार्थना ठेवली. पुढे खुर्च्या रिकाम्या होत्या. रीनाने दोनदा हात करून बोलावलं, मी मानेनेच नको म्हटलं. तिला वाटलं असेल, हेमंत अंकल लाजतात. मी कमी बोलणारा म्हणूनच सगळ्यांना माहीत आहे. त्यात स्वभाव किती आणि सोय किती, ते आज सांगायला बसलोय. तुम्ही असताना सांगायला हवं होतं. आठ वर्षं रोज दुपारी माझ्यासमोर डबा उघडून बसत होतात.

दोहातल्या मुऐदरच्या त्या क्लिनिकमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळायला आलो, तो पहिला दिवस आठवतोय. तुम्ही रेकॉर्ड्सच्या खिडकीतून हाक मारलीत.

"मराठी का रे?"

"हो. नाशिक."

"मग जेवायला पँट्रीत ये. तिकडे मल्याळी टेबल, पलीकडे फिलिपिनो टेबल आणि कोपऱ्यात मी एकटी महाराष्ट्र."

माझ्या डब्यात मेथीची भाजी बघून तुम्ही स्वतःच्या डब्यातली बोंबलाची चटणी हाताने झाकलीत. "शाकाहारी? अरेरे. चेहऱ्यावरून तर बरा वाटलास."

तुम्ही मूळच्या नर्स. वीस वर्षं उभं राहून पाठ गेली, तेव्हा तुम्हाला रेकॉर्ड्सला बसवलं होतं. पण आतली नर्स बसली नव्हती. आलेल्या प्रत्येक तान्ह्या मुलाचं लसीचं कार्ड तुम्ही मागून घ्यायचात आणि कॉम्प्युटरवर स्वतःची एक यादी करायचात. कुणाची कुठली लस झाली, पुढची कधी. क्लिनिकने ती सांगितली नव्हती. ड्युटी संपल्यावर एकेक नाव टाइप करत एक अख्खा हिवाळा तुम्ही ती भरलीत. मग आयांना फोन. "यल्ला मामा, बेबी को गुरुवार को लेके आना. भूलना नहीं." माझी बायको तीन महिन्यांच्या सईला घेऊन दोहाला आली, तेव्हा सईचं नावही त्या यादीत तुम्हीच घातलंत. लस टोचून झाली आणि मी निघायला लागलो, तर दटावलंत, "अर्धा तास बस इथेच. पोरीला काही झालं तर तुझ्या अल थुमामाच्या घरी मी धावत येऊ?"

आणि ती पाकिटांची पद्धत. तीही तुमचीच. इथे वर्षाची रजा म्हणजे माणूस दीड-दोन महिने गायब. मागे त्याच्या पासवर्डवाचून काम अडायचं. म्हणून तुम्ही ठरवलंत की जाणाऱ्याने पासवर्ड चिठ्ठीवर लिहायचा, औषधाच्या खाकी पाकिटात घालून स्टेपल करायचा, अर्धी सही झाकणावर आणि अर्धी पाकिटावर करायची आणि पाकीट तुमच्याकडे द्यायचं. अगदीच नड आली तर मॅनेजरसमोर उघडायचं. माणूस परत आला की तुम्ही ते खिडकीच्या उजेडात धरून दाखवायचात, "बघून घे बाबा, तुझी सही तुटलेली नाही." ड्रायव्हरपासून दातांच्या डॉक्टरपर्यंत सगळे देत. तुम्ही रजेवर गेलात की तुमचं पाकीट माझ्याकडे. "नाशिक काय नि वसई काय, गावचाच तू," म्हणायचात.

आपला वाद सुरू झाला तो दोन हजार साली. प्रेमपत्र असल्याचं भासवणारी ती ई-मेल जगभर फिरली आणि आपल्या क्लिनिकमध्येही चार जणांनी ती उघडली. मी दोन दिवस मशिनी साफ करत होतो. दमलो होतो, पण आतून खूश होतो. मी म्हणालो, हे बरंच झालं, आता कोणी आलेली फाइल डोळे मिटून उघडणार नाही. हल्ला झाल्याशिवाय माणूस कडी लावत नाही. सॉफ्टवेअर बनवणारेसुद्धा कुणी चारचौघांत भोक दाखवल्याशिवाय बुजवत नाहीत. हॅकर वाईट हेतूने येत असेल, पण जाताना नेटवर्क मजबूत करून जातो. मग मला वाटलं, तुमच्या भाषेत सांगावं.

"लसीसारखंच आहे सिसिलबाय. थोडा रोग टोचायचा, अंग तयार होतं."

तुम्ही भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत राहिलात.

"लस देण्याआधी मी काय विचारते?"

"काय?"

"नाव विचारते. ताप आहे का विचारते. आधी कुठल्या लसीने त्रास झाला का विचारते. आईला विचारते, देऊ का. आणि नंतर अर्धा तास बसवून ठेवते. तुझा हॅकर यातलं काय करतो रे?"

"पण परिणाम तोच ना?"

"परिणाम? न विचारता, अंधारात, कुणाच्या पोराला सुई खुपसून पळून गेला आणि पोर वाचलं, तर त्याला डॉक्टर म्हणशील? आणि पोर बरं झालं ते कुणामुळे? त्याच्या अंगात ताकद होती आणि उशाशी कुणीतरी जागलं म्हणून. श्रेय मात्र तू जंतूला देतोस."

मल्याळी टेबलावरचे नर्स ब्रदर हसले. त्यांना मराठी कळत नव्हतं, पण मी हरलो ते कळलं. मी डबा बंद केला. मनात मात्र म्हटलं, दाखवतो.

ही माझी पहिली लाज. पुढे जे केलं त्याला मी आजवर मोठमोठी कारणं देत आलो. कारणं खोटी नव्हती. सॉफ्टवेअर कंपनीचा माणूस फोनलाइनवरून आपल्या सर्व्हरमध्ये शिरून दुरुस्ती करायचा आणि त्या लाइनीवर ना पहारा होता ना अडसर. मॅनेजरला मी तीनदा लिहून दिलं. "इन्शाल्ला, नेक्स्ट इयर," एवढंच उत्तर. सगळं खरं. पण त्याखाली हेही होतं, की पँट्रीत एका बाईसमोर मला गप्प बसावं लागलं होतं.

पुढच्या जुलैत रीनाच्या सुट्टीत तुम्ही वसईला गेलात. शुक्रवारी दुपारी, क्लिनिक बंद असताना, मी घरी तुमचं पाकीट उघडलं. फाडलं नाही. स्टेपलच्या पिना नखाने एकेक करून सरळ केल्या, म्हणजे त्याच भोकांतून परत वाकवता येतील. आत तुमच्या सुबक अक्षरात पासवर्ड आणि त्याखाली एक ओळ. "हेमंत, उघडावं लागलंच तर घाबरू नको, मला फोन कर." पुढे वसईचा नंबर.

मी ती ओळ वाचली. दोनदा वाचली. आणि फोनच्या तारेवरून तुमच्या नावाने सर्व्हरमध्ये शिरलो.

माझं स्वतःचं नाव वापरलं असतं तर मी सापडलो असतो. साध्या स्टाफच्या पासवर्डने कुणीही परका आत येऊ शकतो, हे मला सिद्ध करायचं होतं. स्क्रीनवर इंग्रजीत एक ओळ सोडली, तुमचं दार उघडं आहे. तिथेच थांबायला हवं होतं. फाइलींची नावं बदलून ठेवली असती तरी भागलं असतं. पण मला ते खरं वाटायला हवं होतं. म्हणून मी फाइली पुसल्या. विचार असा, की शनिवारी सकाळी सगळे घाबरतील, मी बॅकअपच्या टेपवरून अर्ध्या तासात सगळं परत आणीन आणि मॅनेजर त्याच दिवशी बाहेरच्यांना अडवणारी फायरवॉल मागवेल.

शनिवारी टेप लावली. कोरी होती. कित्येक महिने मशीन टेप फिरवत होतं आणि त्यावर काही लिहीतच नव्हतं. टेप परत वाचून बघायचं काम माझं. ते मी एकदाही केलं नव्हतं.

सॉफ्टवेअर कंपनीकडे जुनी प्रत होती, त्यातून पेशंटची बरीचशी नावं परत आली. तुमची लसीची यादी वेगळ्या फाइलमध्ये, तुमची स्वतःची. तिची प्रत कुठेच नव्हती.

दुपारी मॅनेजरने लॉगचा, म्हणजे कोण कधी आत शिरलं त्या नोंदींचा, कागद माझ्यापुढे ठेवला. प्रत्येक ओळीत तुमचं नाव. "सिस्टर इज इन इंडिया. देन हाऊ?" तेव्हाही वेळ होती. मी म्हणालो, "मे बी शी टोल्ड समवन."

एवढंच वाक्य. फाइली पुसल्या ते एक वेळ मूर्खपणात धरता येईल. हे वाक्य मी पूर्ण शुद्धीत बोललो.

तुम्ही परत आलात ते थेट वॉर्निंग लेटरवर सही करायला. रेकॉर्ड्समधून काढून तुम्हाला पुन्हा इंजेक्शन रूममध्ये उभं केलं, तीच पाठ घेऊन. मी नेटवर्क इन-चार्ज झालो. हिरवे दिवे लुकलुकणारी फायरवॉलची पेटी आली, दर महिन्याला पासवर्ड बदलायचा नियम आला. पाकिटांची पद्धत बंद करण्याचा मेमोही निघाला. खाली माझी सही. डॉक्टरांसमोर मी भाषणही केलं, हल्ल्याने आपण मजबूत झालो. तुम्ही दाराशी उभ्या होतात, हातात कापसाचा डबा. टाळ्या वाजवायला तो खाली ठेवलात.

तुम्ही परत आलात त्याच आठवड्यात मी तुमचं पाकीट परत दिलं. प्रत्येकाचं पाकीट उजेडात धरणाऱ्या तुम्ही, आपलं स्वतःचं मात्र पाहिलंदेखील नाहीत. "शुक्रन रे," म्हणून पर्समध्ये टाकलंत. मी तेव्हाच मनाशी ठरवलं, यांना कळलंय. कळूनही सोडून दिलंय. सिसिलबाय, या समजुतीवर मी आठ वर्षं जेवलो. तुम्ही माझ्याकडे बघून हसलात की वाटायचं, ही माफी. नाताळात घरी करंज्या पाठवल्यात की वाटायचं, ही माफी. ती गेलेली यादी तुम्ही पुन्हा उभी केलीत, आता वहीत. आलेल्या आईकडून कार्ड मागून, उभ्या उभ्या. एके दिवशी मला म्हणालात, "सईचा बूस्टर ऑक्टोबरात. तिची तारीख माझ्या डोक्यात होती, म्हणून सापडली. बाकीच्यांचं देव जाणे." मी मान खाली घालून भाजी खात राहिलो.

आणि वाद आपण चालूच ठेवला! आता हसू येत नाही. जगात नवा व्हायरस आला की तुम्ही विचारायचात, "काय रे, आला का तुझा डॉक्टर?" मी आकडेमोड करून सांगायचो, या हल्ल्यानंतर अमुक भोक बुजलं, तमुक सुधारलं. एकदा तुम्ही म्हणालात, "बुजलं ते चांगलंच झालं. पण ज्याचं गेलं त्याला जाऊन कुणी सांगतं का, की बाबा, तुझं गेलं म्हणून आमचं सुधारलं?" मला वाटलं, टोमणा आहे. तुम्ही खरंच विचारत होतात.

गेल्या शुक्रवारी रीना बोलायला उभी राहिली. तिचं नेहमीचं अर्धं इंग्रजी, अर्धं मराठी.

"मम्मा एका गोष्टीत व्हेरी स्ट्रिक्ट होती. पासवर्ड कुणाला सांगायचा नाही. बिकॉज वन्स शी डिड, आणि तिला आठवतच नव्हतं कुणाला. शी मेड अ लिस्ट, यू नो? त्या वर्षी ज्यांच्याशी ज्यांच्याशी बोलली, सगळे. टेलर, टेलिफोनवाला, वसईचे शेजारी. एकेकाचं नाव खोडायची. पापाला विचारायची, इनास, मी झोपेत बोलते का?"

लोक थोडे हसले. प्रेमाने हसले. इनासभाऊही हसले.

"अँड आय सेड, मम्मा, मेबी समवन ओपन्ड युअर पाकीट. शी गॉट सो अँग्री! म्हणाली, ते हेमंतकडे होतं. ते बघायचीसुद्धा गरज नाही."

सिसिलबाय, म्हणजे तुम्हाला कळलं नव्हतं. तुम्ही पाकीट उजेडात धरलं नाहीत ते माझ्याकडे होतं म्हणून. मी ज्याला माफी समजत होतो, तो विश्वास होता. आठ वर्षं मी तुमच्या विश्वासालाच माफी म्हणून खात होतो. मी उठून बाहेर आलो.

पार्किंगमध्ये रीना दोन कागदी कपांत चहा घेऊन आली. "अंकल, तुम्ही चहा नाही घेतला."

"रीना, मम्माने पासवर्ड कुणाला सांगितला नव्हता."

"आय नो अंकल, आम्ही पण तिला तेच सांगायचो..."

"तसं नाही. पाकीट मी उघडलं होतं. फाइली मी पुसल्या. मॅनेजरसमोर तिच्यावर मीच ढकललं."

तिने दोन्ही कप गाडीच्या बॉनेटवर ठेवले. उन्हात पत्रा तापला होता आणि ती त्यावरच हात टेकून उभी होती.

"शी वेंट फॉर कन्फेशन," ती म्हणाली. "फॉर दॅट. फादरला सांगितलं तिने, माझ्या निष्काळजीपणामुळे मुलांच्या लसी चुकल्या. तुमचं पाप तिने जाऊन सांगितलं, अंकल."

"रीना, मी..."

"डोन्ट. मला सॉरी नको." मग डोळे पुसून, "राइट इट. इंग्लिशमध्ये नको. वसईवाल्यांचा अंक येतो ना, मम्मा वाचायची, त्यात. तुमच्या नावाने. मला मराठी नीट वाचता येत नाही, पापा मला वाचून दाखवतील."

म्हणून हे लिहितोय. इनासभाऊंना मोठ्याने वाचायचं आहे, म्हणून सोपं लिहितोय.

रविवारी क्लिनिकमध्ये सगळं लिहून दिलं आणि तुमचं वॉर्निंग लेटर मागे घ्यावं अशी विनंती केली. आताचा मॅनेजर नवा आहे. म्हणाला, "शी इज नो मोअर. खलास. व्हाय ओपन इट?" मी म्हटलं, फाइलमध्ये तिच्या नावावर ते अजून आहे. त्याने कागद ठेवून घेतला आणि निर्णय होईपर्यंत मला घरी बसायला सांगितलं. नोकरीबरोबर व्हिसाही जाईल कदाचित, सईची इथली शाळाही. बायकोने सगळं ऐकून एवढंच विचारलं, "आठ वर्षं माझ्याशीसुद्धा खोटं?"

आपला वाद मिटवायचा तर खोटं बोलून मिटवणार नाही, तुम्हाला चालणार नाही. नेटवर्क मजबूत झालं. फायरवॉलने नंतरचे दोन मोठे हल्ले दारातच अडवले, हे खरं आहे. पण सगळ्यात मोठं भोक त्या कोऱ्या टेपचं होतं. ते शोधायला चोर लागत नव्हता. कुठल्याही साध्या दुपारी मी टेप परत वाचून बघितली असती तर सापडलं असतं. पाकिटं बंद झाली आणि दर महिन्याच्या नव्या पासवर्डच्या चिठ्ठ्या लोकांनी कीबोर्डखाली चिकटवल्या. आजही आहेत, मला माहीत आहे. तुमच्या कपाटात त्या जास्त सुरक्षित होत्या. आणि तुमच्या यादीतल्या किती मुलांची लस चुकली, हे कुठल्याच लॉगमध्ये लिहिलेलं नाही. ज्यांचं गेलं त्यांच्यापर्यंत मी कधी गेलो नाही. तुमच्यापर्यंतही नाही, आणि तुम्ही तर हाताच्या अंतरावर होतात.

तुम्ही बरोबर होतात. हे मी त्या दिवशीच पँट्रीत म्हणायला हवं होतं.

तुम्ही इनासभाऊंना जे विचारत होतात, त्याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं. ते माझ्याकडे होतं. नाही, सिसिलबाय, तुम्ही झोपेत बोलत नव्हतात. टेलरला नाही, टेलिफोनवाल्याला नाही, वसईत कुणाला नाही. पासवर्ड तुम्ही कुणालाही सांगितला नव्हता.

हेमंत